सात दिवसांचे वतन

"सर, अभिनंदन! लकी ड्रॉमध्ये आपला नंबर निघाला आहे. येत्या रविवारी संध्याकाळी मॅडमना घेऊन हॉटेलवर या आणि आपले गिफ्ट घेऊन जा." हा फोन आला नाही असे नोकरदाराचे घर आज आपल्या वसाहतींत शोधावे लागेल. आपण कोणत्या ड्रॉमध्ये भाग घेतला ते आपल्याला आठवत नसते. मग तिकडून आठवण करून दिली जाते, की पेट्रोल पंपावर किंवा मॉलच्या दारात एक कूपन आपणच भरून काचेच्या पेटीत टाकले होते. नाव, मोबाइल, नोकरी, पगार, घर स्वतःचे की भाड्याचे, सारे त्यावर आपल्याच हस्ताक्षरात असते!

एकट्याने गेलेले चालत नाही. नवरा-बायको दोघेही लागतात. "घरी विचारून सांगतो" ही पळवाट आधीच बुजवलेली असते.

आमच्या वसाहतीतील एक शिक्षक दांपत्य २०२३ च्या डिसेंबरात असेच गेले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत, बाई खाजगी अनुदानित शाळेत. गुरुजींचे वडील रेल्वेत गँगमन होते. रुळांवर आयुष्य गेले, पण पास काढून सहकुटुंब कुठे फिरायला गेले असे कधी घडले नाही. हॉलमध्ये वीस-पंचवीस टेबले, प्रत्येक टेबलावर एक जोडपे आणि समोर टाय लावलेला एक तरुण. गाणी मोठ्याने लावलेली. मध्येच कुणीतरी माइकवरून ओरडायचे, की अमुक कुटुंबाने आत्ताच सभासदत्व घेतले, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. गुरुजींना तासाभराचे सांगून बोलावले होते, तीन तास उठू दिले नाही. मुलगा फार गोड बोलणारा. त्याने विचारले, मागच्या सुट्टीत कुठे गेला होता? गुरुजी म्हणाले, गावी. त्याच्या आधीच्या? गावीच. त्यावर तो हसून म्हणाला, "सर, दोघेही शिक्षक, आणि मुलांना अजून गावीच नेता?"

"त्या एका वाक्यावर माझी सही झाली," असे गुरुजी आता सांगतात. सुमारे चार लाखांचा करार, पंचवीस वर्षांची मुदत, काही रक्कम क्रेडिट कार्डावर त्याच रात्री, बाकीचे हप्ते. "ही किंमत फक्त आज रात्रीपुरती" असे मॅनेजरने येऊन सांगितले होते. गिफ्ट म्हणून मिळालेल्या कूपनवर तीन दिवस फुकट राहायची सोय होती, पण त्यात जेवण सक्तीचे आणि त्याचे पैसे वेगळे. ते कूपन अजून त्यांच्या कपाटात आहे.

या दांपत्याला हसणे सोपे आहे. चळवळीतील काही मंडळी हसलीही. समाज कुठे आहे आणि यांना रिसॉर्ट सुचते, असा टोमणाही कुणी मारला. मला तो टोमणा मान्य नाही. गुरुजींच्या त्या सहीमागे काय होते, हे आपल्याशिवाय दुसरे कोण समजून घेणार?

आपल्या माणसाने प्रवासाला निघणे आणि मुक्कामाला खोली मागणे, ही या देशात साधी गोष्ट कधीच नव्हती. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत, पारशी नाव धारण करून, दीड रुपया रोजाने ते राहिले. वरच्या मजल्यावरची लहानशी खोली, बाजूला अडगळीने भरलेला मोठा अंधारा हॉल. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या डझनभर माणसांनी त्यांना गाठले आणि बाहेर काढले. कोलंबियात शिकलेल्या माणसाची ही गत! पुढे १९३४ साली चळवळीतील कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांसोबत सहलीला जायची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. तीसेक माणसे निघाली. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून गलका झाला, शिवीगाळ झाली, आणि किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर त्यांना आत सोडण्यात आले. सोबत पाळतीला हत्यारबंद शिपाई! बाबासाहेबांनी हे दोन्ही प्रसंग स्वतः लिहून ठेवले आहेत. आपल्या सहलीचा इतिहास हा असा आहे. म्हणून घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे यांचा नावानिशी उल्लेख येतो, तो उगीच नव्हे.

तेव्हा ज्याच्या बापजाद्यांना धर्मशाळेच्या ओट्यावर टेकू दिले नाही, त्याला कुणी गुळगुळीत कार्ड हातात देऊन "वेलकम होम, सर" म्हटले तर त्याचा ऊर भरून येणारच. विकणाऱ्याला जातीचा इतिहास माहीत असायची गरज नाही. समोरच्याच्या मनात कुठेतरी एक कमीपणा दडलेला आहे एवढे त्याला पुरते, आणि तो कमीपणा शोधण्याचे त्याला रीतसर प्रशिक्षण दिलेले असते. म्हणून माझा आक्षेप गुरुजींच्या इच्छेला नाही. त्या इच्छेच्या बदल्यात त्यांच्या गळ्यात जे घातले गेले त्याला आहे.

टाइमशेअर म्हणजे नेमके काय, हे समजून घेऊ. ही कल्पना १९६० च्या दशकात युरोपात निघाली. डोंगरातले महागडे घर एकट्याला परवडत नाही, मग वर्षाचे आठवडे पाडून ते अनेकांना विकायचे. पुढे अमेरिकेत हा धंदा फोफावला आणि १९७४ साली आरसीआय नावाची कंपनी निघाली, जी एका रिसॉर्टमधला आठवडा दुसरीकडच्या आठवड्याशी बदलून देते. भारतात १९८६ मध्ये स्टर्लिंग आणि १९९६ मध्ये महिंद्रची हॉलिडे कंपनी सुरू झाली. आपल्याकडे बहुतेक करार मालकीचे नसतातच. खोली, भिंत, जमीन यांतले काहीही सभासदाच्या नावावर होत नाही. वर्षातून सात दिवस राहण्याचा हक्क, तोही जागा शिल्लक असेल तर, एवढेच विकले जाते. पण टेबलावर शब्द वापरला जातो "ओनर"!

या सात दिवसांनाही रंग असतात. गर्दीचा हंगाम एका रंगाचा, मधला दुसऱ्या रंगाचा, पावसाळ्याचा किंवा परीक्षेच्या दिवसांचा तिसऱ्या रंगाचा. प्रत्येक रंगाची किंमत वेगळी. आपल्या ऐपतीचा माणूस साहजिकच स्वस्त रंग घेतो. आणि शिक्षकाला सुट्टी कधी? मे महिन्यात आणि दिवाळीत. म्हणजे ज्या दिवसांत त्याला जाता येते त्या दिवसांवर त्याचा हक्क नाही, आणि ज्या दिवसांवर हक्क आहे त्या दिवसांत मुलांची घटक चाचणी! गुरुजींचे नेमके हेच झाले. २०२४ च्या मे महिन्यासाठी "उपलब्ध नाही", दिवाळीसाठीही "उपलब्ध नाही". मधे जुलैत एका थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस मिळाले, तेही किरकोळ रजा टाकून. चारही दिवस धुके आणि पाऊस. खिडकीतून समोरचा डोंगर दिसला नाही, असे बाई सांगत होत्या.

आता हिशेब मांडू. आकडे कंपनीगणिक बदलतील. मी एक मध्यम उदाहरण घेतो. समजा, करासकट चार लाख भरले. हेच चार लाख बँकेत ठेवले आणि व्याज सात टक्के धरले, तर वर्षाला २८,००० रुपये. सभासदत्व घेतल्याने हे व्याज बुडाले. शिवाय देखभालीचे वार्षिक शुल्क, जे आपण गेलो काय, न गेलो काय, भरावेच लागते. ते १८,००० धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. दोन्हींची बेरीज ४९,२४०. सात रात्रींनी भागले तर एका रात्रीला सात हजारांच्या वर. यात प्रवास नाही, जेवण नाही. रिसॉर्ट गावापासून दूर असते, त्यामुळे जेवण तिथेच आणि तिथल्याच भावाने. सोमवार ते गुरुवारच्या दिवसांत एमटीडीसीच्या निवासात किंवा बऱ्यापैकी हॉटेलात याहून कितीतरी कमी भाड्यात खोली मिळते, आणि एखाद्या वर्षी गेलो नाही तर भाडे शून्य. पंचवीस वर्षांनी बँकेतले चार लाख जागच्या जागी असतात. सभासदत्वाचे मूल्य तेव्हा काहीच उरत नाही. हप्त्याने घेतले असेल तर त्यावरचे व्याज वेगळे.

आणि ते वार्षिक शुल्क वाढत जाते. वर्षाला सहा टक्के वाढ धरली तरी बारा वर्षांत दुप्पट, चोवीस वर्षांत चौपट. म्हणजे आज अठरा हजार भरणारे गुरुजी निवृत्तीनंतर, निवृत्तिवेतनातून, बहात्तर हजार भरत असतील. टेबलावरचा तरुण आपल्याला उलटे गणित सांगतो: हॉटेलचे भाडे दरवर्षी वाढणार, म्हणून आजच्या भावात पंचवीस वर्षे बांधून घ्या. भाडे वाढणार हे खरे. पण शुल्कही वाढणार, हे तो सांगत नाही.

मला यात आपल्या ओळखीचे काहीतरी दिसते. महारवतन! जमिनीचा एक तुकडा, नावाला इनाम, "आम्ही वतनदार" असा अभिमान. आणि त्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाने दिवसा-रात्री, केव्हाही, कुणाच्याही हाकेला धावायचे. तुकडा पिढ्यांबरोबर लहान होत जायचा, वेठ मात्र तेवढीच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा आपल्यातलेच काही लोक वतन सोडायला तयार नव्हते, कारण तेवढीच काय ती मालकी. शेवटी १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. तुलना ताणू नये हे मला कळते. वतन जन्माने गळ्यात पडत होते, इथे सही आपण करतो, आणि रिसॉर्टवाला रात्री-बेरात्री हाक मारत नाही. पण मालकी नावापुरती आणि देणे कायमचे, ही रचना तीच. काही करारांत तर सभासदाच्या पश्चात वारसांकडे हक्क जातो, म्हणजे शुल्कही जाते. एकेकाळी नव्याण्णव वर्षांची सभासदत्वे विकली गेली. नव्याण्णव वर्षे! १९८६ ची स्टर्लिंग कंपनी २०१४ साली थॉमस कुकने घेतली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांत मालक बदलला. यात गैर काही नाही, कंपन्या विकल्या जातात. पण आपण कुणाशी शंभर वर्षांचा करार करतो आहोत, हे सही करणाऱ्याने स्वतःला विचारायला नको काय?

याहून घातक प्रकार दुसराच आहे, आणि तो महाराष्ट्रात सर्वांत जास्त पसरला. तिथे खोली विकायची नाहीच. "खोलीच्या रात्री" विकायच्या. इतके हजार भरा, इतक्या रात्री तुमच्या नावावर. राहायला गेलात तर ठीक, नाही गेलात तर मुदतीनंतर वाढीव रक्कम घेऊन जा. भाजी विकणारी बाई, रिक्षावाला, सफाई कामगार हे काही सुट्टीला निघालेले लोक नव्हेत. त्यांनी पैसे भरले ते वाढीव रकमेसाठीच. पॅनकार्ड क्लब्ज या मुंबईच्या कंपनीने अशा योजनांतून ५१ लाखांहून अधिक लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये जमा केले, असे सेबीने फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात नमूद केले. नोंदणीशिवाय चालवलेली ही सामूहिक गुंतवणूक योजनाच आहे, पैसे तीन महिन्यांत परत करा, असे सेबीने बजावले. ते तीन महिने केव्हाच उलटले. प्रकरण अपिलात, मालमत्तांच्या लिलावात आणि दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात फिरत राहिले. रॉयल ट्विंकल स्टार क्लबवरही सेबीने २०१५ साली असाच आदेश काढला होता.

या योजनांचा एजंट अनोळखी नसतो. तो मेहुणा असतो, महिला मंडळातली ताई असते, विहारात शेजारी बसणारा उपासक असतो. त्यालाही खरे माहीत नसते. त्याने स्वतःचेही पैसे घातलेले असतात. म्हणून एजंटला शिव्या देऊन भागत नाही. एकच प्रश्न विचारायचा: या खोलीत मी राहायला जाणार आहे, की पैसे वाढवायला? पैसे वाढवायला असेल, तर सेबीकडची नोंदणी दाखवा. दाखवता येत नसेल तर चहा पाजून निरोप द्यावा. नाते टिकेल, पैसेही टिकतील.

आता सुट्टीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. विश्रांती हा श्रीमंतांचा चोचला आहे, असे मानणारे आपल्यातही आहेत. त्यांनी लक्षात घ्यावे, की व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, आणि याच काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी सुट्टीची तरतूद आली. बारा महिने सलग नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस. पुढच्याच वर्षी कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. माणूस राबण्यासाठीच जन्मलेला नाही, हे कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. आपण सुट्टीवर जातो तेव्हा चळवळीशी गद्दारी करत नाही.

पण गुरुजींनी त्या जुलैतली एक गोष्ट सांगितली ती इथे नोंदवली पाहिजे. खोली साफ करायला येणारा मुलगा हिंगोलीकडचा. बाईंच्या मोबाइलवर बाबासाहेबांचा फोटो पाहून तो थबकला आणि हळूच "जय भीम, मॅडम" म्हणाला. मग रोज दोन मिनिटे बोलायचा. तो कंत्राटदाराचा माणूस. अकरा महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नव्याने कामावर, त्यामुळे पगारी रजा कधी लागतच नाही. चार वर्षांत एकदाही १४ एप्रिलला गावी गेला नव्हता. त्या आठवड्यात रिसॉर्ट फुल्ल असते. गुरुजींनी निघताना त्याला शंभर रुपये दिले आणि देताना आपल्यालाच लाज वाटली, असे म्हणाले. त्या मुलाच्या रजेचा प्रश्न हा आपल्या कामगार संघटनांचा प्रश्न आहे. रिसॉर्टच्या कागदांत तो कुठेच येत नाही.

ज्यांनी घेतलेच आहे त्यांनी काय करावे? रागाने कार्ड फेकून देऊ नये. शुल्क भरत असाल तर एकही दिवस वाया घालवू नका. बुकिंग ज्या दिवशी उघडते त्या दिवशी सकाळीच बसा. कित्येक महिने आधी उघडते, आणि चांगल्या जागा त्याच वेळी जातात. सात दिवस सलग घ्यायची सक्ती नसेल तर दोन-तीन तुकडे करा. यंदाचे दिवस पुढच्या वर्षी नेता येतात का, किती वर्षांपर्यंत, ते करारात पाहा. खोलीत लहान स्वयंपाकघर असेल तर भात-पिठले तिथेच करा. जेवणाचे निम्मे बिल वाचते. तुमचा स्वस्त हंगाम तुम्हाला सोयीचा नसेल, पण निवृत्त आई-वडिलांना तो चालेल. त्यांनी तर आयुष्यात एकदाही असा मुक्काम केलेला नसतो. जागाही डोळे उघडे ठेवून निवडा. लोणावळ्याला गेलात तर कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी हाकेच्या अंतरावर आहेत. महाबळेश्वरला गेलात तर आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला जाता येते. चवदार तळ्याच्या काठावर मुलांना उभे करा. दापोलीकडे गेलात तर मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव, करून या.

आपले दिवस दुसऱ्याला भाड्याने देता येतात का? काही करारांत नातेवाईक-मित्रांना पाठवता येते, थोडे शुल्क भरून. पैसे घेऊन देण्यास मात्र मनाई असते. कलम वाचल्याशिवाय हा उद्योग करू नका, नाहीतर सभासदत्व गोठवले जाते. उलट बाजूने, म्हणजे स्वतः सभासद न होता, ओळखीच्या सभासदाचे न वापरलेले दिवस घेणे, हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त बुकिंग आपल्या नावावर झाल्याचे पत्र हाती पडल्यावर, आणि रिसॉर्टला फोन करून खात्री केल्यावरच पैसे द्यावेत. सभासदत्व विकायला काढाल तर भरलेल्या किमतीच्या जवळपासही भाव येत नाही, हे आधीच गृहीत धरा. आणि "तुमच्या सभासदत्वाला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त एनओसीचे पैसे आधी भरा" असा फोन आला तर तो चोर आहे. एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा फसवण्याची ही नेहमीची युक्ती.

सरसकट प्रत्येकासाठी टाइमशेअर वाईट, असे मी म्हणणार नाही. दरवर्षी नेमाने फिरणारे, शाळेच्या सुट्ट्यांना न बांधलेले, रोख भरू शकणारे, सहा महिने आधी बेत आखणारे कुटुंब असेल तर त्याला ते परवडूही शकते. अशी कुटुंबे आपल्या वसाहतीत किती, हे ज्याने त्याने मोजावे. आपल्याकडे सुट्टीची अर्धी पाने आधीच भरलेली असतात: १ जानेवारी, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, विजयादशमीला नागपूर, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. त्याशिवाय उरलेल्या चार-पाच दिवसांसाठी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सरकारी हॉलिडे होम आहेत, बँकांतल्या लोकांना बँकांची आहेत, प्रवास सवलत आहे. ती कित्येक जण वापरतच नाहीत. आमच्या गल्लीतल्या दहा कुटुंबांनी महिना पाचशेची सहल-भिशी सुरू केली आणि गेल्या वर्षी मिनीबस करून अजिंठा-वेरूळ पाहून आले. फर्दापूरला मुक्काम केला. एका कुटुंबाला जो खर्च आला तो गुरुजींच्या एका वर्षाच्या देखभाल शुल्काहून कमी होता. परतताना दौलताबादच्या किल्ल्यावर चढले. मुलांना १९३४ ची हकीकत तिथेच वाचून दाखवली.

शेवटी कायद्याचे. युरोपात टाइमशेअरवर सही केल्यापासून चौदा दिवस ग्राहकाला कारण न देता करार मोडता येतो, आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी आहे. तसा नियम तिथे २०११ पासून लागू आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदाच नाही. काही कंपन्या करारात दहा दिवसांच्या आसपास मुदत देतात, पण ती आतल्या बारीक अक्षरांत असते आणि टेबलावर कुणी सांगत नाही. म्हणून सही झालीच असेल तर त्याच रात्री घरी येऊन करार पूर्ण वाचा. मोडायचा असेल तर फोनवर बोलत बसू नका. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी लेखी कळवा, पावती जपून ठेवा. तोंडी दिलेली आश्वासने त्यांच्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

ती मुदत गेली असली तरी दार बंद झालेले नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखाली तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. करारात कंपनीने तिच्या शहराचे न्यायालय लिहिले असले तरी घाबरायचे कारण नाही. वाद लवादाकडे जाईल असे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा सल्ला मिळतो. एकतर्फी, ग्राहकाला नाडणाऱ्या करारांविरुद्धही या कायद्यात तरतूद आहे. मात्र त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते.

गुरुजींनी २०२५ साली जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. मे आणि दिवाळीच्या नकारांचे ईमेल त्यांनी जपून ठेवले होते, ते कामी आले. कंपनीचा वकील पहिल्या तारखेला आलाच नाही, दुसऱ्या तारखेला त्याने मुदत मागितली. निकाल यायचा आहे. तक्रारीला दोन वर्षांची मर्यादा असते, हे गुरुजींना एका कार्यकर्त्याने वेळेवर सांगितले म्हणून ते वाचले. ज्यांच्या कपाटात अशी फाइल पडून आहे त्यांनी आधी तीवरची तारीख पाहावी, आणि येत्या रविवारी विहारात येताना ती फाइल सोबत आणावी. वाचायला आम्ही दोघे-तिघे बसलेले असू.